महिन्याचे चार दिवस

मांडवखार, जि. कुलाबा
१८ जून १९३४

ती. मामा,

नमस्कार वाकूनच करते आहे, पण राग ताठ उभा आहे, तेव्हा आधीच सांगून ठेवते.

काल दवाखान्याच्या दारावर पाटी लागली. 'प्रत्येक रुग्णाबरोबर घरचे एक माणूस शुश्रूषेस असावे.' खाली चिटणीस म्हणून तुमची सही. मी दुसरी नर्स मागितली होती आणि तुमच्या मंडळाने मला पाटी पाठवली! गिरगावात राहून तुम्ही सगळ्यांनी गावासाठी दवाखाना काढलात, चांगलं केलंत. पण बारा खाटा, आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर, एक कंपाउंडर, एक आया आणि एक मी, एवढ्यावर दवाखाना चालत नाही मामा. तो आम्ही ढकलतो.

आणि घरचं माणूस म्हणजे कोण? परवा नुसत्या दूध-पाण्यावर ठेवलेल्या विषमज्वराच्या पोरीला तिच्या आजीने पदराआडून तांदळाची भाकरी भरवली. मी दुसऱ्या टोकाला एकाचं ड्रेसिंग करत होते. मला दोनच हात आणि दोनच डोळे. आजीला काय बोलणार? तिला वाटलं, नात उपाशी आहे.

आता दुसरी गोष्ट. ती लिहायला मला लाज वाटत नाही, कारण नियम करताना तुम्हाला कुणाला वाटली नाही. माघात तुमच्या अध्यक्षांच्या मातोश्री दम्यासाठी इथे होत्या. त्यांनी विचारलं, 'नर्स बाजूला बसते ना?' झालं. तेव्हापासून महिन्याचे चार दिवस मी विहिरीपलीकडच्या खोलीत बसायचं. रुग्णाला शिवायचं नाही, बाटलीला शिवायचं नाही. म्हणजे महिन्याचे चार दिवस या दवाखान्यात नर्सच नसते. मुंबईच्या इस्पितळात तीन वर्षं शिकले, तिथे हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

त्या चार दिवसांत सगळं जनी करते. जनी म्हणजे आमची आया. तिला अक्षर येत नाही, डोकं मात्र माझ्याहून तरतरीत. तिच्यासाठी मी बाटल्यांच्या गळ्यात दोरे बांधलेत. पांढरा दोरा असला की पोटात घ्यायचं, लाल असला की अंगाला चोळायचं. अडलं की ती माझ्या खिडकीशी येते आणि मी आतून सांगते. पण माझ्या खिडकीशी येऊन गेली की वॉर्डात शिरण्याआधी तिने अंघोळ करायची, हा कंपाउंडर सदाभाऊंचा पोटनियम. मागच्या खेपेला पाच अंघोळी झाल्या तिच्या एका दिवसात. शेवटी तीच शिंकायला लागली.

दुसरी नर्स द्या. माझ्याबरोबर शिकलेली कोकिळा यायला तयार आहे. दोघी असलो तर एक बाजूला बसली तरी दुसरी उभी राहील. हे पत्र मंडळाच्या सभेत जसंच्या तसं वाचा. मामींना नमस्कार.

तुमची
सरोजिनी


गिरगाव, मुंबई
४ जुलै १९३४

चि. सरोजिनी,

आशीर्वाद तर आहेतच, पण आधी पाणी पी आणि मग पुढे वाच. तुझं पत्र हातात घेतलं तेव्हा चटका बसला. लहानपणी तू फणस हवा म्हणून वाडीत पाय आपटायचीस, तीच तू.

तुझं म्हणणं मला पटतं. विषय मंडळापुढे योग्य शब्दांत ठेवीनच. पण अगं, सभेला वकील असतात, मास्तर असतात, दोन पेन्शनर असतात. त्यांच्यापुढे 'ते' चार दिवस वाचून दाखवायचे? उद्या मला रस्त्यात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. काही गोष्टी सुचवायच्या असतात.

दुसरं असं की, काम अडलेलं नाही. अध्यक्ष शरच्चंद्रपंत परवाच म्हणाले, 'तुमची भाची एकटी दहाजणींना भारी आहे. तो दवाखाना म्हणजे तिची सेवा.' माझी मान उंच झाली. तुला नर्सिंगला घातलं तेव्हा याच लोकांनी तोंडं वाकडी केली होती, विसरू नकोस. थोडा दम धर. मामी तुझ्यासाठी मेतकूट पाठवते आहे.

तुझा
महादेवमामा


मांडवखार
२६ जुलै १९३४

ती. मामा,

मेतकूट पोचलं. 'दहाजणींना भारी' हेही पोचलं. ते परत घ्या. मला दहाजणींना भारी व्हायचं नाही, मला एका माणसाचं काम नीट करायचं आहे.

हिवतापाचे दिवस आहेत. बारा खाटांवर बारा आणि खाली चटयांवर सात. सकाळी पहिल्याचा ताप बघून एकोणिसाव्याकडे पोचेपर्यंत पहिल्याला हुडहुडी भरलेली असते. कुणाची कूस बदलायची राहते, कुणाचं तोंड पुसायचं राहतं. एक काम पुरं केलं असं होत नाही. मला हे काम फार आवडायचं मामा. शिकत असताना एखाद्याचं अंग पुसून, चादर ताणून घातली आणि तो निवांत झोपला की मी दोन मिनिटं नुसती बघत राहायची. आता मी बघतच नाही. बघितलं की राहिलेलं दिसतं.

आणि काम अडत नाही म्हणता? अडू देत नाही आम्ही, हीच आमची चूक. मी खिडकीतून ओरडते, जनी धावते, अंघोळी करते, ओल्या लुगड्याने औषधं देते, आणि तुम्हाला गिरगावात वाटतं की सगळं ठीक चाललंय. एखादे वेळी वाटतं, चार दिवस दार लावून गप्प पडून राहावं. पण मग पलीकडून कण्हणं ऐकू येतं.

कोकिळा गणपतीपर्यंत थांबते म्हणाली आहे. त्यानंतर तिला दुसरीकडे रुजू व्हावं लागेल. गणपतीच्या आत होय किंवा नाही एवढं कळवा. सुचवू नका, विचारा.

सरोजिनी


गिरगाव
२० सप्टेंबर १९३४

चि. सरोजिनी,

उशीर झाला. ऑफिसात वरचे साहेब बदलले, घरी गणपती. तुझ्या बाबतीत मंडळात बोलणं झालं आहे. पुढच्या वर्षी अवश्य विचार करू असं सर्वांचं मत पडलं. कोकिळाबाईंना थांबवून ठेवू नकोस.

नाराज होऊ नकोस. आता पाऊस गेला, हिवताप ओसरेल, बोटी सुरू झाल्या. दिवाळीनंतर आम्ही दोघं हरिहरेश्वराला येतो आहोत, तेव्हा सविस्तर बोलू. समोरासमोर बसलो की तुझा राग दोन मिनिटांत उतरतो, हा माझा अनुभव आहे.

तुझा
महादेवमामा


मांडवखार
२० ऑक्टोबर १९३४

मामा,

दसऱ्याच्या दिवशी आमच्याकडे माणूस मेला. आजाराने नाही. आम्ही मारला.

धर्माजी त्याचं नाव. तळा गावापलीकडचा भातशेती करणारा माणूस. पायात कुऱ्हाड लागून जखम चिघळली होती. महिनाभर मी ती धुतली आणि ती भरून आली. दुसऱ्या दिवशी त्याला सोडायचं होतं. भात कापायला आलंय म्हणून त्याची नुसती घाई चालली होती. बायको मनुबाई सोबत होती, तुमच्या पाटीप्रमाणे.

खंडेनवमीला माझा पहिला दिवस. मी खोलीत गेले. त्या दिवशी सदाभाऊंनी शस्त्रांची पूजा मांडली. गावात लोक कोयते पुजतात तसे यांनी चिमटे, कात्र्या आणि औषधांच्या बाटल्या पुजल्या. बाटल्या घासून लख्ख केल्या. गळ्यातले मळके दोरे कापून टाकले, सगळ्यांना हळद-कुंकू लावलं आणि प्रत्येक बाटलीला पूजेचा लाल-पिवळा नाडा बांधला. मग हाताला येईल तशा फळीवर मांडून ठेवल्या. भक्तिभावानेच केलं त्यांनी. जनीसाठी दोरे आहेत हे त्यांना मी सांगितलंच नव्हतं. आयेच्या हाती बाटली जाते याकडे ते काणाडोळा करत, पण तोंडाने सांगितलं असतं तर त्यांनी तेही बंद केलं असतं. ही माझी लपवाछपवी.

दसऱ्याला सकाळी सदाभाऊ पालखीला गेले. जाताना जनीला बजावून गेले, 'आज सणाचं तिकडे खिडकीशी जायचं नाही. गेलीस तर डोक्यावरून अंघोळ करून ये.' जनी फळीपाशी गेली तर सगळे दोरे एकसारखे. चौदा माणसं औषधाला खोळंबलेली. तिने नेहमीच्या जागेवरची बाटली उचलली. ती चोळायच्या औषधाची होती, त्यात बचनाग असतो. एक घोट पोटात गेला तर माणूस वाचणं कठीण. सगळ्यांत आधी ते धर्माजीला दिलं.

तो म्हणाला, 'लई कडू हाय गो आज.' जनी म्हणाली, 'औषध हाय, गिळा. उद्या घरला जायाचं न्हाय का?'

जनी दुसऱ्यासाठी ओतते तोच त्याच्या तोंडाला मुंग्या आल्या, जीभ जड झाली. जनीने विहिरीपलीकडे बोट दाखवलं, तशी मनुबाई धावत माझ्या खिडकीशी आली. मी उठले आणि पळत वॉर्डात गेले. अंघोळ नाही, काही नाही. मिठाच्या पाण्याने उलट्या करवल्या, नळी घालून पोट धुतलं, पाय चोळले. डॉक्टरांना आणायला होडी पाठवली. ते खाडी ओलांडून आले तेव्हा धर्माजीला जाऊन तास झाला होता. बाकीच्या तेराजणांना त्या बाटलीतलं गेलं नाही, कारण जनी भिंतीशी बसली ती उठलीच नाही.

मनुबाई रडली नाही. ती मला म्हणाली, 'बाय, मी तुला बोलवाया आले तवा तू एवढ्या जवळ व्हतीस? मला वाटलं, तू गावाला गेली हायस.'

मामा, त्या विहिरीपासून वॉर्डाच्या दारापर्यंत मोजून तीस पावलं आहेत.

सरोजिनी


गिरगाव
२७ ऑक्टोबर १९३४

चि. सरोजिनी,

पत्र पोचलं. झालं ते फार वाईट झालं. पण आता डोकं शांत ठेवून मी सांगतो तसं कर.

शरच्चंद्रपंतांना गावाहून दोन तक्रारी आल्या आहेत. एक, आयेने परवानगीवाचून औषध दिलं. दुसरी, तू तशा अवस्थेत वॉर्डात वावरलीस आणि सणाचा विटाळ झाला. दुसरीवरच मंडळी जास्त चिडली आहेत. ती मी कशीबशी सावरीन. पण तू लेखी जबाब दे की, आयेने तुझ्या नकळत बाटलीला हात लावला, तिला तसं करण्याची मनाई होती. तिला काढून टाकू आणि प्रकरण मिटेल. तुझ्या नावाला डाग लागणार नाही. तुला पुढे आणण्यासाठी मी किती जणांचं ऐकून घेतलं आहे हे तुला माहीत आहे.

ती पाली-तळा भागात कुठेही मजुरी करून पोट भरील. तुला दुसरी जागा मिळणार नाही. मी तुझा मामा म्हणून सांगतो आहे.

महादेव


मांडवखार
२ नोव्हेंबर १९३४

मामा,

जबाब देत नाही. जनीने माझ्या नकळत काहीही केलेलं नाही. नऊ महिने तिने माझ्या सांगण्यावरून, माझं काम केलं. तिला मनाई होती तर त्या चार दिवसांत औषध कोण देणार होतं, हे तुमच्या कुठल्या ठरावात लिहिलंय ते दाखवा.

माणूस मेला त्याचा राग कमी आणि मी त्याला वाचवायला शिवले त्याचा राग जास्त! वाचून मी कागद चुरगळला, मग परत सरळ केला, कारण तो जपून ठेवायचा आहे. विटाळ म्हणे! धर्माजीच्या अंगाला शेवटचा हात माझा लागला. मनुबाईने तो झटकला नाही.

आज सदाभाऊंच्या टेबलावर मंडळाचा छापील अहवाल आला. त्यात पान चारवर आहे, 'शुश्रूषा समाधानकारक असून नर्सबाईंकडून वर्षभरात कोणतीही मागणी अथवा तक्रार आलेली नाही.' खाली चिटणीस महादेव. मी ते वाक्य जनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'मंग बाय तुम्ही येवढं काय लिव्हत व्हता?'

तेव्हा आता खरं सांगा. माझी पत्रं तुम्ही सभेत वाचलीत का? 'बोलणं झालं आहे' म्हणजे कुणाशी झालं? तुम्ही लाजलात, मामा. त्या लाजेची किंमत धर्माजीने दिली आणि आता उरलेली जनीकडून वसूल करायची म्हणता.

माझं एकच मागणं आहे. माझी सगळी पत्रं पुढच्या सभेत उभं राहून वाचा. हेही वाचा. एकही शब्द गाळायचा नाही, योग्य शब्द घालायचे नाहीत. नाही वाचलीत तर मीच बोटीने येईन आणि वाचीन.

सरोजिनी


गिरगाव
११ नोव्हेंबर १९३४, रविवार

चि. सरोजिनी,

सभा होऊन आत्ताच घरी आलो. अंगातला कोटही काढलेला नाही.

तुझी पत्रं मी सभेत कधीच वाचली नव्हती. विषयसुद्धा काढला नव्हता. पहिलं पत्र खिशात घालून गेलो होतो आणि तसंच परत आणलं. दुसऱ्या वेळी तर घरीच ठेवलं. अहवालातलं ते वाक्य माझंच. मला वाटलं, ही तुझी बाजू राखणं आहे. तुला भांडखोर म्हणू नये कुणी. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की मला ते खरंच वाटायला लागलं होतं.

पत्रं टेबलाच्या खणात होती. तुझ्या मामीने ती काढून वाचली आणि मला म्हणाली, 'मी बाजूला बसते तेव्हा तुम्हाला साधा चहा जमत नाही, चार दिवस घर डोक्यावर घेता. आणि आजारी माणसांना म्हणता, चार दिवस नर्सवाचून काढा?' दिवाळीभर ती माझ्याशी बोलली नाही.

आज वाचली. सगळी, उभं राहून. पहिल्या पत्रातल्या त्या भागापाशी आलो तेव्हा शरच्चंद्रपंत उठून गॅलरीत गेले. मास्तर छताकडे बघत होते. मी वाचत राहिलो.

ठरलं ते असं. दुसरी नर्स जानेवारीपासून नेमायची. जनीला महिनाअखेर काढायचं. तुझ्यावर काही नाही. आणि चार दिवसांच्या नियमाचं काहीच ठरलं नाही. तो रद्द करायचा तर सभेत त्याचा उच्चार करून ठराव मांडायला हवा, ठरावाच्या वहीत लिहायला हवा. कुणी मांडीना. मीही मांडला नाही. एवढं वाचल्यावर माझ्यात तेवढा जोर उरला नव्हता. म्हणून नियम आहे तसाच आहे.

जनीच्या कागदावर माझी सही आहे. ती करताना तुझं तोंड डोळ्यांपुढे आलं, तरी केली. रागव. या वेळी उतरवायला येणार नाही.

महादेवमामा


मांडवखार
१५ नोव्हेंबर १९३४

ती. मामा,

पत्रं वाचलीत, म्हणून नमस्कार. सही केलीत, म्हणून राग. दोन्ही एकाच पाकिटात घ्या.

कोकिळा आता दुसरीकडे रुजू झाली आहे, तरी जानेवारीत कुणी का होईना, येऊ द्या. तोवर माझं ऐका. जनीला काढण्याचा कागद काल आला. त्यात कारण लिहिलेलं नाही. मी सदाभाऊंकडून तो परत पाठवते आहे. कारण लिहून पाठवा. आयेने औषध का दिलं, तर नर्स तिथे नव्हती म्हणून. नर्स कुठे होती आणि का होती, तेही लिहा, ठरावाच्या वहीत, तारीख घालून. लिहिता आलं तर जनी जाईल आणि तिच्यामागून मीही जाईन. नाही आलं तर ती इथेच राहील. रोज दुपारी मी तिला अक्षरं शिकवते आहे. 'पोटात' आणि 'चोळणे' हे दोन शब्द तिला वाचता येतात. बाटली उचलली की ती आधी मोठ्याने वाचते. मग माझ्याकडे आणून पुन्हा वाचते. हे कधी थांबेल मला माहीत नाही.

आणि तुमचा नियम. तो जसा उच्चारता येत नाही, तसा मोडलेलाही तुम्हाला लिहिता येणार नाही. काल माझा पहिला दिवस होता, आज दुसरा. विहिरीपलीकडच्या खोलीला मी कुलूप घातलं आहे. हे पत्र वॉर्डातल्या टेबलाशी बसून लिहिते आहे. सदाभाऊंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कॅलेंडरकडे बघितलं आणि बाहेर निघून गेले. जाऊ देत.

शरच्चंद्रपंतांना एक निरोप द्या. गावी राहणाऱ्या त्यांच्या मातोश्रींना परवापासून पुन्हा दमा लागला आहे. आज सकाळी आणलं तेव्हा ओठ निळे पडले होते. मी इंजेक्शन दिलं, पाठीशी उशा लावून त्यांना छातीशी धरून बसले. तासाभराने श्वास मोकळा झाला. मग मी पाण्याचं भांडं पुढे केलं. त्यांनी भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

'कितवा गं?' त्यांनी विचारलं.

'दुसरा,' मी म्हटलं.

भांडं मी तसंच धरून राहिले. त्या प्यायल्या, सगळं प्यायल्या. पदराने तोंड पुसलं आणि डोळे मिटून म्हणाल्या, 'पाणी फार गार आहे. उद्या कोमट दे.'

सरोजिनी